मत्स्यबीज मरतंय? औषधाआधी सूक्ष्मदर्शक

गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे, जयगड या पट्ट्यातल्या वाचकांचे प्रश्न पावसाळा लागला की एकाच वळणाचे असतात. कोणी चिरेखाणीतल्या पाण्यात कटला-रोहूचं बीज सोडलेलं असतं, कोणी परसात टाक्या बांधून शोभिवंत माशांची पैदास सुरू केलेली असते, तर कोणाच्या लॉजच्या दारात कोई कार्पचं कुंड असतं. प्रश्न असा: ‘मासे अंग घासतात, वर येऊन तोंड उघडतात, रोज मरतात. कोणतं औषध टाकू?’

या प्रश्नाला औषधाचं नाव सांगून उत्तर देता येत नाही. परजीवी वेगळा, तसा त्याचा जीवनक्रम वेगळा, आणि त्यावर औषध लागू पडण्याची वेळही वेगळी. दुकानदाराने दिलेली बाटली अंदाजाने ओतली तर परजीवी वाचतो आणि बीज जातं. म्हणून खालचा क्रम पाळा.

आधी ठरवा: हा रोग आहे की प्राणवायूची कमतरता?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. झड लागलेली असताना ढगाळ रात्रीनंतर पहाटे सगळेच मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील आणि दिवस वर आला की खाली जात असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. खाद्य थांबवा, पंप चालवा, ताजं पाणी द्या. औषध टाकू नका.

परजीवी असला तर चित्र वेगळं दिसतं:

- दिवसभर, सूर्यप्रकाशातही, काही मासे पाणी आत येतं तिथे किंवा काठाला गोळा होतात.
- अंग भिंतीला, तळाला, जाळीला घासतात. एकदम चमकून वळतात.
- अंगावर बुळबुळीत पांढरट थर येतो. कल्ले फिके पडतात किंवा सुजतात.
- खाद्याकडे येतात, पण खात नाहीत.
- मरतूक एका रात्रीत न होता रोज थोडी थोडी वाढत जाते.

अमोनिया वाढल्यावरही यातली काही लक्षणं दिसतात. म्हणून अमोनिया, सामू आणि क्षारता (अल्कलिनिटी) मोजण्याचा साधा संच घरात हवाच. कोकणात तर क्षारतेचा आकडा जीवनमरणाचा आहे. तो का, ते पुढे येईल.

सूक्ष्मदर्शकाखाली काय बघायचं

शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. 40 ते 100 पट मोठं दिसलं तरी काम भागतं. माझं मत स्पष्ट आहे: बीजाचा व्यवसाय करायचा आणि सूक्ष्मदर्शक घ्यायचा नाही, हे परवडणारं नाही. एका फुकट गेलेल्या तुकडीची किंमत त्याहून जास्त असते.

मासा जिवंत, पण आजारी हवा. मेलेल्या माशाला परजीवी सोडून जातात, त्यामुळे तासाभरापूर्वी मेलेल्या माशावर काही दिसलं नाही तर त्याला अर्थ नाही. छातीच्या पराच्या मागे काचेच्या कडेने हलकेच खरवडून चिकट स्राव काचपट्टीवर घ्या. त्यावर त्याच टाकीतल्या पाण्याचा थेंब टाका. नळाचं पाणी नको. कल्ल्याचा छोटा तुकडाही तसाच बघा. सगळं दहा मिनिटांत आटपा.

- इक (पांढरे ठिपके): अंगावर टाचणीच्या डोक्याहून लहान पांढरे दाणे दिसतात. काचेखाली मोठी गोल पेशी संथ गरगरते आणि आत नालाच्या आकाराचं केंद्रक असतं. कोळंबीचा ‘पांढरे ठिपके’ रोग विषाणूचा आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.
- ट्रायकोडिना: गोल, कडेला दातेरी कडं, स्वतःभोवती भरभर फिरणारी. जिरे आणि अर्धबोटुकली (माशांची लहान पिल्लं) यांच्या टाक्यांत फार आढळते. एखाद-दुसरी दिसली तर घाबरू नका. एका नजरेत डझनावारी दिसल्या तर गर्दी आणि कुजका गाळ हे मूळ कारण आहे.
- कल्ल्यांवरचे व त्वचेवरचे कृमी: डॅक्टिलोगायरस कल्ल्यांवर बसतो, त्याला चार काळे डोळे असतात आणि तो अंडी घालतो. गायरोडॅक्टिलस त्वचेवर असतो, त्याला डोळे नसतात आणि तो पोटातच वाढलेलं पिल्लू देतो. हा फरक औषधाच्या दुसऱ्या मात्रेसाठी लागतो.
- माशांची ऊ (अर्गुलस) आणि नांगरकृमी (लर्निया): यांना सूक्ष्मदर्शक लागत नाही. ऊ चपटी, पारदर्शक, अंगावर सरकते. नांगरकृमी काडीसारखा बाहेर लोंबतो आणि त्याचं डोकं मांसात रुतलेलं असतं.

ओळख पटत नसेल तर कोकण कृषी विद्यापीठाचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळच आहे. हे महाविद्यालय 1981पासून आहे. रत्नागिरीतलं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाचं. आधी फोन करा, मग पाच-सहा आजारी पण जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या आणि पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत घ्या. बर्फात घातलेले मेलेले मासे नेऊन उत्तर मिळत नाही.

जीवनक्रम कळला की वेळापत्रक कळतं

इक माशाच्या त्वचेखाली असताना त्याला कोणतंही पाण्यात टाकलेलं औषध लागत नाही. तो वाढून गळून पडतो, तळाशी कोष करतो, आणि एका कोषातून शेकडो, कधी हजारावर पिल्लं बाहेर पडतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. 24 ते 26 अंश तापमानात हे चक्र साधारण तीन ते सहा दिवसांत पुरं होतं. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत आपल्याकडच्या टाक्या नेमक्या याच तापमानाच्या आसपास असतात. म्हणून एकच मात्रा देऊन ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणणं चूक आहे. दर तीन दिवसांनी, तीन ते चार वेळा मात्रा द्यावी लागते आणि दर वेळी तळाचा गाळ ओढून काढावा लागतो.

याचा एक फायदाही आहे. मासाच मिळाला नाही तर ही पिल्लं साधारण दोन दिवसांत मरतात. मासे काढून टाकी चार-पाच दिवस मोकळी, पण पाण्याने भरलेली ठेवली तर इकच्या बाबतीत ती बरीच सुरक्षित होते. ज्या विहिरीत मासा नाही तिचं पाणी सुरक्षित. पऱ्ह्याचं किंवा जुन्या तळ्याचं नाही. 60 मेशच्या जाळीने सायक्लॉप्स आणि मोठे कीटक अडतात, इकची पिल्लं अडत नाहीत.

डॅक्टिलोगायरसच्या अंड्यांवर औषध चालत नाही. म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी मात्रा हवी. गायरोडॅक्टिलसला बहुधा एकच नीट दिलेली मात्रा पुरते. ऊ अंडी घालते ती काठी, दगड, भिंत अशा टणक जागी. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तळ्यात बांबूचे तुकडे किंवा फळ्या टांगणं आणि दर आठवड्याला काढून कडक वाळवणं. प्रजनक मोजके असतील तर ऊ चिमट्याने काढा. नांगरकृमीचं वरून दिसणारं शरीर काढून टाकलं तरी पाण्यातली पिल्लं उरतात. त्यांच्यासाठी तीन-चार आठवडे लक्ष ठेवावं लागतं.

औषध: कोणतं, किती, आणि कोकणात कोणतं टाळायचं

एक हिशोब पाठ करा: 1000 लिटर पाण्यात 1 ग्रॅम म्हणजे 1 पीपीएम. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 0.8 मीटर खोल पाण्याच्या टाकीत 4.8 घनमीटर, म्हणजे 4800 लिटर पाणी असतं. 25 पीपीएम फॉर्मलिनसाठी 120 मिली लागेल. पाणी मोजताना टाकीची उंची धरू नका, पाण्याची खोली धरा. ही चूक फार होते.

मीठ. पहिला पर्याय हाच. खडे मीठ 1 ते 3 ग्रॅम प्रति लिटर काही दिवस ठेवता येतं. डुबकी द्यायची तर 10 ते 20 ग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणात एक-दोन मिनिटं, आणि मासा कलंडू लागला की लगेच बाहेर. मागूर, शिंगटी यांसारखे खवले नसलेले मासे कमी सहन करतात. समुद्र दाराशी असल्याने काही जण समुद्राचंच पाणी वापरतात. ते साधारण 35 ग्रॅम प्रति लिटर खारं असतं. निम्मं गोडं पाणी घालूनच वापरा. खाडीचं पाणी पावसाळ्यात किती खारं असेल याचा भरवसा नाही, ते नको.

फॉर्मलिन. ट्रायकोडिना, इक आणि कृमींवर 15 ते 25 पीपीएम. तळाशी पांढरा साका बसलेली बाटली वापरू नका. फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू खातं: 5 पीपीएम फॉर्मलिनमागे साधारण 1 पीपीएम प्राणवायू जातो. म्हणून हवा चालू ठेवूनच द्या, ढगाळ पहाटे देऊ नका, दुसऱ्या दिवशी पाणी बदला. हातमोजे आणि मास्क लावा. त्याची वाफ माणसालाही घातक आहे. आधी दहा मासे बादलीत घेऊन त्यांच्यावर तासभर मात्रा पाहा. जिऱ्यांना ते देऊच नका.

पोटॅशियम परमँगनेट. 2 पीपीएमपासून सुरुवात करा. जांभळा रंग काही तासांतच तपकिरी झाला तर पाण्यातल्या घाणीनेच ते संपवलं असं समजा. फॉर्मलिनबरोबर कधीही देऊ नका.

मोरचूद. यावर थांबून बोलावं लागेल. आंध्र किंवा इतर राज्यांतली पुस्तिका वाचून मोरचूद टाकलेलं तळं मी कोकणात वाचलेलं पाहिलेलं नाही. नियम असा की मात्रा = एकूण क्षारता ÷ 100. क्षारता 150 असेल तर 1.5 पीपीएम. आपल्याकडचं जांभ्या दगडातून झिरपलेलं, पावसाने भरलेलं पाणी मऊ असतं, क्षारता सहसा कमी. ती 30 असेल तर मात्रा 0.3 पीपीएम, आणि इतक्या थोड्या मात्रेत चुकीला वाव राहत नाही. क्षारता 50च्या खाली असेल तर मोरचूद नको. आधी शेतीचा चुना टाकून क्षारता वाढवा; ते तळ्याला तसंही चांगलं.

प्राझिक्वांटेल. कृमींवर परिणामकारक आहे. शोभिवंत माशांत 2 ते 5 मिलिग्रॅम प्रति लिटर. खाण्याच्या माशांत मत्स्य तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

गुरांच्या गोचिडांचं औषध. उवांसाठी ते तळ्यात ओतण्याची पद्धत पसरते आहे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन हे कोळंबी, खेकडे आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना अतिशय विषारी आहेत. त्याच सूक्ष्म जिवांवर तुमचे जिरे वाढतात. लेखी सल्ल्याशिवाय, मोजमापाशिवाय नको. मी मात्रा मुद्दाम देत नाही.

मॅलाकाइट ग्रीन. खाण्याच्या माशांना नको. त्याचे अवशेष मांसात राहतात आणि निर्यातीत सापडले तर माल परत येतो. कोळंबी संवर्धनात क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान आणि मेट्रोनिडाझोलसुद्धा बंदी असलेल्या यादीत आहेत. शिवाय प्रतिजैविकं जिवाणूंसाठी असतात. इक किंवा कृमी त्यांना जुमानत नाहीत.

रोग येण्याआधी: चार दारं बंद करा

1. नवे मासे. प्रजनक असोत की कुर्ल्याच्या बाजारातून आणलेले गोल्डफिश, वेगळ्या टाकीत किमान तीन आठवडे ठेवा. त्यांची जाळी, बादली वेगळी. पर्यटनाच्या हंगामाआधी घाईने आणलेले मासे थेट कुंडात सोडणारे लॉजवालेच सर्वाधिक उवा पसरवतात, हे सांगितलेलं बरं. आजारी शोभिवंत मासा विहिरीत किंवा खाणीत सोडणं तर मुळीच नको.
2. जाळी आणि हात. वाळवणं हा उन्हाळ्यातला उपाय. पावसाळ्यात काहीच वाळत नाही, त्यामुळे वापरानंतर जाळी ब्लिचिंगच्या द्रावणात बुडवा आणि स्वच्छ धुवा. ब्लिचिंग पावडरमध्ये नवी असताना साधारण 30 टक्के क्लोरीन असतं. दमट हवेत उघडी राहिली की ते उडून जातं. छोटे पुडे घ्या, घट्ट डब्यात ठेवा.
3. टाकी. हंगाम संपल्यावर सिमेंटची टाकी घासून 200 पीपीएम क्लोरीनच्या द्रावणाने भिजवा, एक दिवस ठेवा, धुवा, मगच भरा.
4. गर्दी. जास्त बीज ठेवलं की जास्त कमाई, हा हिशोब ट्रायकोडिनाच्या टाकीत खोटा ठरतो. खाद्य उरलं तर कमी टाका. औषध देऊनही दहा दिवसांत तेच परत आलं तर औषध बदलू नका, संख्या कमी करा.

कोळंबीवाल्यांसाठी वेगळं: ईएचपी

खाडीकाठच्या वानामी तळ्यांना सध्याचा मोठा परजीवी म्हणजे एंटेरोसायटोझून हेपॅटोपिनाय, सोयीसाठी ईएचपी. तो कोळंबीच्या यकृतासारख्या अवयवात राहतो. कोळंबी मरत नाही, वाढत नाही. तळ्यात लहानमोठे आकार दिसू लागतात, कधी पांढरी विष्ठा तरंगते. त्यावर औषध नाही. खाद्यावर दिवसागणिक पैसे जातात आणि काढणीच्या वेळी वजन भरत नाही, म्हणून हा रोग मरतुकीपेक्षा महाग पडतो.

बीज बहुतेक पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचरीतून येतं, म्हणून दारातच रोखा:

- हॅचरीचा तटवर्ती मत्स्यपालन प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक विचारा. आयात प्रजनक चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून आलेले असले पाहिजेत.
- ईएचपीचा पीसीआर अहवाल तुमच्याच तुकडीचा हवा. शक्य असेल तर स्वतः नमुना पाठवा. बीज 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवून द्यावं लागतं.
- हॅचरी चालवत असाल तर टाक्या आणि पाइप 2.5 टक्के कॉस्टिक सोड्याने तीन तास भिजवा, धुवा, आठवडाभर कोरडे ठेवा. मग 200 पीपीएम क्लोरीन, सामू 4.5च्या खाली आणून वापरा.
- प्रजनकांना जिवंत पॉलिकीट किडे देऊ नका. गोठवलेले किंवा 70 अंशांवर 10 मिनिटं तापवलेले द्या.
- बाधित तळ्यात सुकल्यानंतर हेक्टरी सुमारे 6 टन कळीचा चुना 10 ते 12 सेंटीमीटर खोल नांगरून मिसळा, जमीन ओली करा. सामू 12पर्यंत चढला तरच बीजाणू मरतात. शेतीच्या साध्या चुन्याने हे होत नाही.

बीज घेताना आणि नंतर: तुमचे हक्क

पावती नसेल तर तुम्ही विक्रेत्याला काहीच म्हणू शकत नाही. पावतीवर हॅचरीचं नाव, जात, संख्या, तारीख, तुकडी लिहून घ्या. पिशवी उघडताना मोबाइलवर चित्रण करा, मेलेले मोजा आणि काही मासे वेगळ्या बादलीत ठेवा. पहिल्याच आठवड्यात मरतूक झाली तर लगेच नमुना तपासा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. व्हॉट्सॲपही चालतं, पण मजकूर जपून ठेवा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘व्यावसायिक कारणासाठी’ केलेली खरेदी वगळलेली आहे. मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेला माल त्यात मोडत नाही. परसातल्या चार टाक्यांवर घर चालवणारा माणूस तक्रार करू शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात करा. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तिथेच, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. मदतीसाठी 1915 हा क्रमांक आहे.

विमा घेताना एकच प्रश्न विचारा: रोग धरला आहे का? मत्स्यपालनाच्या मूळ विम्यात रोग सहसा नसतो, सर्वसमावेशक प्रकारात असतो. केंद्राच्या प्रोत्साहनासाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी करावी लागते. राज्याने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. वीज आणि कर्जाच्या सवलती तुम्हाला कशा लागू होतात हे रत्नागिरीच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

रोग लपवू नका

केंद्र सरकारने जून 2023 मध्ये मत्स्यरोग कळवण्यासाठी ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे अ‍ॅप सुरू केलं. त्यावर फोटो आणि लक्षणं टाकली की माहिती शासकीय तज्ज्ञांपर्यंत जाते. ‘कळवलं तर बीज विकलं जाणार नाही’ अशी भीती असते. खरं तर न कळवता विकलेलं बीज शेजारच्या वाडीतल्या तळ्यात जातं आणि पुढच्या हंगामात तेच तुमच्याकडे परत येतं.

बाधित तळ्याचं, औषध टाकलेलं पाणी थेट पऱ्ह्यात किंवा जयगड, काळबादेवीच्या खाडीत सोडू नका. त्या खाड्यांत लोक ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढतात, आणि ती पाणी गाळून त्यातलं सगळं पोटात घेतात. पाणी आधी एका खड्ड्यात साठवा, औषधाचा प्रभाव ओसरू द्या, मेलेले मासे चुना टाकून खोल पुरा. या जागेचा विचार टाकी बांधतानाच करा, मरतूक सुरू झाल्यावर खड्डा खणायला वेळ मिळत नाही.